बदकं ओळखायची तर रंग शेवटी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: हिवाळ्यात पाणथळ जागेवर गेलं की शेकडो बदकं दिसतात, पण त्यातली निम्मी तपकिरी आणि एकासारखी एक. दिवसभर चोच पाठीत खुपसून झोपलेली. जरा पुढे सरकावं तर अख्खा थवा उडून पलीकडच्या काठाला. पुस्तकातल्या चित्रांशी काही जुळत नाही. मग यांना बघायचं कसं, ओळखायचं कसं, आणि त्यासाठी दुर्बीण मोठी घ्यावी का?

चित्रं चुकीची नसतात. पण नवख्या माणसाची नजर चित्रातल्या नरावर थांबते, आणि तो नर असतो पूर्ण पिसाऱ्यातला, बाजूने दिसणारा, स्वच्छ उजेडातला. प्रत्यक्ष थव्यात माद्या असतात, त्याच वर्षी जन्मलेले तरुण पक्षी असतात, आणि उन्हाळ्यातला साधा पिसारा अजून न टाकलेले नर असतात. हे सगळे तपकिरीच. म्हणून मी नव्याने बघणाऱ्यांना नेहमी उलटा क्रम सांगतो. बदक किती खोल पाण्यात आहे ते आधी बघा. मग ते खातंय कसं ते बघा. मग अंगकाठी, मानेची लांबी, चोचीचा आकार. उडालं तर पंखावरचा पट्टा. रंग सगळ्यात शेवटी, आणि तोही खात्री करून घेण्यापुरता.

तुम्ही विचारताय ती बदकं पाण्याच्या वरच्या थरात आणि उथळ तळाशी चरणारी. मॅलार्ड, कॉमन टील, तलवार बदक, थापट्या, गडवाल, तरंग बदक म्हणजे विजन, भुवई बदक म्हणजे गार्गनी, आणि दक्षिण आशियातलं हळदी-कुंकू बदक हे या गटातले. पूर्वी हे जवळपास सगळे अ‍ॅनस या एकाच प्रजातीत मोडत. आता थापट्या आणि गार्गनी स्पॅट्युलात, गडवाल आणि विजन मरेकात गेले आहेत. बघणाऱ्याच्या दृष्टीने त्याने फारसा फरक पडत नाही, पण जुनं आणि नवं पुस्तक शेजारी ठेवलंत तर गोंधळ नको म्हणून सांगितलं.

बुडी मारणाऱ्या बदकांपासून यांना वेगळं काढणं सोपं आहे. पोचार्ड किंवा शेंडी बदक पाण्यात खोल बसतं, शेपूट पाण्याला टेकलेली असते, आणि उडताना त्याला पाण्यावर धावत जावं लागतं. आपली बदकं पाण्यावर हलकी, उंच बसतात, शेपूट वर असते, आणि घाबरली की जागच्या जागी सरळ वर उसळतात. त्यांचे पाय शरीराच्या साधारण मध्यावर असल्यामुळे जमिनीवर ती व्यवस्थित चालतात. बुड्या मारणाऱ्यांचे पाय मागे सरकलेले, त्यामुळे चाल अडखळती. गरज पडली, विशेषतः वर शिकारी पक्षी आला, तर हीसुद्धा बुडी मारतात. तेव्हा एका बुडीवरून लगेच निष्कर्ष काढू नका.

आता पाण्याकडे या. चरणाऱ्या बदकांचा सगळा व्यवहार साधारण ३० सेंटीमीटरपेक्षा कमी खोलीच्या पाण्यात चालतो, आणि त्या पट्ट्यातही जागांची वाटणी असते. टील अगदी काठाला, चार बोटं पाण्यात किंवा नुसत्या ओल्या चिखलात चालत चालत चोचीने गाळत जातं. मॅलार्ड आणि हळदी-कुंकू त्याच्या थोडं आत. तलवार बदकाची मान लांब. ते शेपूट आभाळाकडे करून उलटं झालं की इतरांना न पोहोचणारा तळ गाठतं. म्हणजे पाण्याच्या मध्याकडे एकाच ठिकाणी टोकदार शेपट्या वर येताना दिसल्या, तर चेहरा दिसायच्या आधीच अंदाज बांधता येतो. नर असेल तर शेपटीची लांब मधली पिसं दिसतीलच, पण मादीचीही शेपूट इतर माद्यांपेक्षा टोकदार असते.

खाण्याचे प्रकार चार-पाच आहेत आणि ते वेगळे ओळखायला शिकणं फार उपयोगाचं. नुसती चोच पाण्यात, डोळे बाहेर. डोकं डोळ्यांसकट पाण्यात. मान पूर्ण पाण्यात. आणि शेवटी शरीरच उलटं. एकच बदक हे सगळं करतं, पण कोणता प्रकार किती वेळ चालतो यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, अन्न किती खोलीवर उरलंय. हंगामाच्या सुरुवातीला उथळ जागी बी भरपूर असतं तेव्हा टील आणि मॅलार्ड डोळे बाहेर ठेवून खातात. वरचं संपत आलं की हिवाळ्याच्या शेवटी शेवटी मान बुडवणं आणि उलटं होणं वाढतं. दुसरी गोष्ट सावधपणाची. डोळे पाण्याबाहेर असतात तोवर बदक खाता खाता आजूबाजूला लक्ष ठेवू शकतं. डोकं बुडवलं की ते आंधळं. म्हणून खोल चरणारं बदक दर थोड्या वेळाने खाणं थांबवून मान वर करून बघतं, आणि उथळ चरणारं तसं क्वचित करतं. हा फरक डोळ्यांनी सहज दिसतो. घड्याळ लावून एकाच पक्ष्याकडे पाच मिनिटं बघा. शंभर पक्ष्यांवर नजर फिरवण्यापेक्षा यातून जास्त कळतं, असं माझं ठाम मत आहे.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर थापट्या आणि विजन यांची तुलना करण्यासारखी आहे. थापट्याला स्पर्शाने खायचं असतं. त्याची चोच टोकाकडे रुंद पसरलेली असते आणि कडांना सुमारे ११० बारीक पातळ पट्ट्या असतात, त्यातून पाणी निघून जातं आणि सूक्ष्म जीव, बी आत राहतं. चोचीचं टोक त्याला दिसण्याची गरजच नाही. त्याचे डोळे अशा जागी आहेत की समोर, बाजूला, डोक्यावर आणि मागेही त्याला दिसतं. विजनचं तसं नाही. तो गवत चरतो, पात्याला नेमकं पकडतो, त्यासाठी चोचीपुढे दोन्ही डोळ्यांनी एकत्र दिसावं लागतं. त्याची किंमत म्हणून त्याच्या डोक्यामागे न दिसणारा एक पट्टा राहतो. म्हणूनच विजनचे थवे चरताना सतत माना वर करतात, दाटीने एकत्र चरतात आणि पाण्यापासून फार लांब जात नाहीत. कुत्रं दिसलं की सगळे आधी पाण्यात. काठाच्या हिरवळीवर बदकांचा थवा एका दिशेने चालत चरताना दिसला तर तो विजनचा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

थापट्यांची एक गंमत अजून. ते घोळक्याने एकामागोमाग गोल फिरतात, प्रत्येकाची चोच पुढच्याच्या पायांनी ढवळलेल्या पाण्यात. लांबून बघितलं तर पाण्यावर एक तपकिरी-पांढरं चक्र फिरतंय असं वाटतं. हे दृश्य दिसलं की पिसाऱ्याकडे न बघता जात लिहून टाकायला हरकत नाही.

गडवाल मात्र दुर्लक्षित राहतं, कारण नरसुद्धा राखाडी आणि मागून काळा, एवढाच. तुम्हाला ते हमखास सापडेल वारकरी पक्ष्यांच्या, म्हणजे कूटच्या संगतीत. कूट बुडी मारून तळातून पाणवनस्पती ओढून आणतो आणि गडवाल त्याच्या चोचीतून ती पळवतं किंवा सांडलेलं उचलतं. विजनही हेच करतो. स्वतःला बुडी मारायची नाही, दुसऱ्याच्या बुडीवर जेवायचं, असा हा हिशेब. कूटच्या घोळक्यात एखादं बदक उगाच रेंगाळत असेल तर दुर्बीण तिकडे वळवा.

आता माद्यांकडे. इथेच लोक हात टेकतात, पण एवढं अवघड नाही. चेहरा आणि चोच बघा, अंगावरची नक्षी सोडून द्या. गडवालच्या मादीच्या चोचीच्या दोन्ही कडांना सरळ नारिंगी पट्टी असते आणि वरचा भाग गडद. मॅलार्डच्या मादीची चोचही नारिंगी, पण गडद भाग वेडावाकडा पसरलेला. तलवार बदकाच्या मादीचा चेहरा सपाट तपकिरी, त्यावर एकही ठळक रेघ नाही. चोच राखाडी, मान बारीक आणि लांब. गार्गनीच्या मादीच्या चेहऱ्यावर उलट रेघाच रेघा: डोळ्यातून एक गडद, त्याखाली दुसरी, आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. टीलची मादी तिच्यासारखीच लहान, पण चेहरा साधा, आणि शेपटीच्या मुळाशी बाजूला एक आडवी फिकट रेघ. ही रेघ झोपलेल्या पक्ष्यातही दिसते, म्हणून ती लक्षात ठेवाच. विजनच्या मादीचं डोकं गोल, चोच आखूड आणि निळसर राखाडी, तिचं टोक काळं. थापट्याच्या मादीला ओळखायला काही लागत नाही, चोच पुरे. हळदी-कुंकूत तर नर-मादी दोघांच्याही चोचीचं टोक पिवळं असतं, आणि नराच्या चोचीच्या मुळाशी लाल ठिपके. बसलेल्या पक्ष्याच्या पाठीमागे पंखाचा पांढरा भाग ठळक दिसतो, तो लांबूनही उपयोगी पडतो.

उडताना पंखाच्या मागच्या कडेला जो चकाकणारा पट्टा दिसतो तो नर-मादी दोघांनाही असतो, आणि म्हणून तपकिरी बदकाची ओळख पटवायला तो सगळ्यात भरवशाचा. मॅलार्डचा निळा, पुढे-मागे पांढऱ्या कडा. टीलचा हिरवा. गडवालचा पांढरा छोटा चौकोन. तलवार बदकाच्या मादीच्या पंखाची मागची कड पांढरी, आणि ही एक पांढरी रेघच आधी डोळ्यात भरते. थापट्या आणि गार्गनीच्या नरांच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळसर किंवा राखाडी-निळा. विजनच्या प्रौढ नराच्या पंखावर पुढे मोठा पांढरा भाग. थवा उडाला की सगळा थवा बघायचा मोह होतो, तो आवरा. एकच पक्षी पकडा आणि तो उतरेपर्यंत दुर्बिणीतून सोडू नका.

नर तपकिरी का दिसतात, हे कळल्याशिवाय हंगामाच्या सुरुवातीची बदकं समजणार नाहीत. उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात, मादी अंड्यांवर बसली की नर तिला सोडून जातात आणि चमकदार पिसं टाकून मादीसारखा साधा पिसारा घेतात. याला एक्लिप्स म्हणतात. त्याच वेळी पंखांची मोठी पिसं सगळी एकदम झडतात आणि तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. अशा काळात साधं दिसणं आणि बोरूच्या दाटीत लपून राहणं हेच शहाणपणाचं. मॅलार्डचा नर शरद ऋतूतच पुन्हा नटतो. थापट्या हिवाळ्याच्या मध्यापर्यंत अर्धवट, ठिगळ लावल्यासारखा फिरतो. गार्गनीचा नर तर सगळ्यात उशिरा. हिवाळ्याचा बराचसा काळ तो मादीसारखाच दिसतो आणि परतीच्या प्रवासाच्या सुमारास त्याची ती पांढरी लांब भुवई उमटते. तेव्हा ऑक्टोबरात लहान तपकिरी बदकांचा थवा बघून ‘या सगळ्या माद्याच कशा’ असा प्रश्न पडला तर तो पिसाऱ्याचा खेळ असतो.

कान उघडे ठेवा. ‘क्वॅक क्वॅक’ असा खणखणीत आवाज मॅलार्डच्या मादीचा. नराचा आवाज घोगरा आणि दबका. टीलचा नर बारीक, शीळवजा ‘क्रिक’ असं बोलतो आणि थव्यातून हा आवाज सारखा येत राहतो. विजनच्या नराची शीळ लांबलेली, वरून खाली उतरणारी, धुक्यातही पटकन ओळखू येते. गार्गनीचा नर कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यावर होतो तसा कोरडा कर्र आवाज काढतो. गवतात दडलेले पक्षी मोजताना हे आवाज डोळ्यांपेक्षा जास्त कामाला येतात.

झोपेबद्दल तुमची तक्रार आहे ती रास्त, पण कारण वेगळं आहे. हिवाळ्यात यातली बरीच बदकं रात्री चरतात आणि दिवसा विश्रांती घेतात. फ्रान्सच्या कामार्ग पाणथळ प्रदेशात टीलच्या बाबतीत हे बारकाईने अभ्यासलं गेलं: दिवसा मोठ्या मोकळ्या पाण्यावर जमायचं, झोपायचं, पिसं साफ करायची, आणि अंधार पडला की उथळ चराईच्या जागांकडे पांगायचं. शिकारीचा किंवा माणसांचा त्रास असेल तिथे हा कल आणखी वाढतो. तेव्हा सकाळी दहाला पोहोचून ‘काहीच करत नाहीत’ म्हणण्यात अर्थ नाही. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी किंवा सूर्यास्तानंतरचा अर्धा तास बघा. संध्याकाळी विश्रांतीच्या जागेच्या पूर्वेला, पश्चिमेकडे तोंड करून थांबलात तर उजळ आभाळावर छोटे छोटे थवे चराईला निघताना दिसतात. तेव्हा रंग नसतो. मानेची लांबी, पंखांची गती आणि आवाज एवढ्यावरच काम चालवायचं.

आणि झोपलेली बदकंही बघण्यासारखी असतात. १९९९ साली मॅलार्डवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ओळीत झोपलेल्या बदकांपैकी कडेच्या बदकांचा एक डोळा जास्त वेळ उघडा राहायचा, आणि तो बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा असायचा. त्या वेळी मेंदूचा अर्धाच भाग झोपलेला असायचा. मधल्या बदकांना असं कमी करावं लागायचं. तुम्हाला हे साध्या दुर्बिणीनेही तपासता येईल. कडेचं बदक धरा, त्याचा डोळा किती वेळाने मिटतो-उघडतो ते बघा, आणि मग मधल्याकडे वळा. कडेचं बदक मधूनमधून दिशा बदलून बसतं, तेव्हा उघडा डोळाही बदलतो.

आता ती उडून का जातात. कारण तुम्ही त्यांच्याकडे सरळ चालत जाता. ज्या जागी बंदुकीचा इतिहास आहे तिथे बदकं फार लांबूनच उठतात, आणि हा इतिहास लहानसहान नाही: भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले, तसं तिथल्या शिळेवर कोरलेलं आहे. पण शिकार नसली तरी सरळ रेषेत येणारी उभी आकृती त्यांना धोक्याचीच वाटते. उडण्याआधी ती इशारे देतात. सगळ्यात आधी कडेच्या एक-दोन माना ताठ होतात. मग खाणं थांबतं. मग थवा हळूहळू तुमच्यापासून लांब पोहायला लागतो आणि आपापसातलं अंतर कमी होतं. मॅलार्ड तर उडण्याच्या बेतात असलं की डोकं वर-खाली आणि बाजूला झटकायला लागतं. ताठ मान दिसली की तिथेच थांबायचं, खाली बसायचं, आणि ती पुन्हा खायला लागेपर्यंत हलायचं नाही. पोहत लांब जाणं दिसलं तर मागे यायचं. थवा उडाला म्हणजे तुम्ही दोन इशारे आधीच चुकवलेले असतात.

याहून चांगला मार्ग म्हणजे जवळ जायचंच नाही. सूर्य पाठीशी येईल असा काठ निवडा, उजाडायच्या आत झुडपाला किंवा बांधाला पाठ लावून बसा, म्हणजे आभाळावर तुमची आकृती उठून दिसणार नाही. पांढरे आणि भडक कपडे नकोत. वास येईल याची काळजी करू नका, त्यांचा भरवसा मुख्यतः डोळ्यांवर आणि कानांवर असतो. तास-दीड तास बसलात की तीच बदकं चरत चरत तुमच्या पुढ्यात येतात. ड्रोन उडवू नका. वरून येणारी वस्तू म्हणजे शिकारी पक्षी, हे त्यांच्या अंगात भिनलेलं आहे. बदकांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून बोलावणंही नको. हिवाळ्यात प्रत्येक अनावश्यक उड्डाण म्हणजे परतीच्या प्रवासासाठी साठवायच्या चरबीतून झालेला खर्च.

खरा शिकारी पक्षी आला की तुम्हाला तो बदकांच्या डोक्यावरून कळेल. ती डोकं किंचित तिरपं करून एक डोळा आभाळाकडे लावतात. दलदल भोवत्या बोरूवरून खालून येत असेल तर टील एकदम उसळून हवेत जातात. वरून बहिरी ससाणा येत असेल तर बहुतेक बदकं पाण्यावरच दाटीने थांबतात, कारण हवेत तो त्यांना गाठतो. पाणी सोडायचं की धरून बसायचं, हा निर्णय ती क्षणात घेतात.

हिवाळ्याच्या उत्तरार्धात जायला मिळालं तर प्रणयाराधन चुकवू नका. बदकांच्या जोड्या हिवाळी मुक्कामावरच जमतात, आणि वसंतात नर मादीच्या मागे तिच्या जन्मभूमीकडे जातो. त्यामुळे एकाच तळ्यावर हिवाळा काढलेले दोन भाऊ पुढे शेकडो किलोमीटर लांब नांदू शकतात. पाच-सात नर एका मादीभोवती गोळा होऊन फिरताना दिसले की तिथेच थांबा. टीलचं बघा: नर अचानक अंग ताणून पाण्यातून वर उठतो, चोच छातीवरून ओढतो, पाण्याचे थेंब एका बाजूला उडतात आणि बारीक शीळ ऐकू येते. लगेच डोकं मागे, शेपूट वर, पंखांची टोकं उचललेली, आणि शेपटीखालचा काळ्या कडेचा पिवळा त्रिकोण क्षणभर मादीसमोर. सगळं मिळून दोन-तीन सेकंदांत संपतं. मग नर काही झालंच नाही असं पोहायला लागतो, आणि शेजारचा सुरू करतो. मादी काय करते ते जास्त महत्त्वाचं: ती पसंत नराच्या बाजूने पोहते आणि नको असलेल्याकडे खांद्यावरून चोच पुन्हा पुन्हा उगारते. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी १९४१ साली बदकांच्या अशा हालचाली जातीनिहाय मांडल्या आणि हाडांप्रमाणेच वागणुकीवरूनही नाती जुळवता येतात हे दाखवलं. १९७३ च्या नोबेल पुरस्कारामागे त्यांचं हे असं काम होतं.

दुर्बीण मोठी घ्यावी का? नको. ८ पट आणि ४२ मिलिमीटर भिंग पुरेसं. १० पटीची हातात जास्त थरथरते आणि थवा शोधायला वेळ लागतो. पैसे उरत असतील तर त्यांतून तिपाईवरचा स्कोप घ्या, २० ते ६० पटीचा. झोपलेल्या मादीची चोच बघायला तोच लागतो. पण ऊन चढलं की पाण्यावरची हवा लहरायला लागते आणि ६० पटीवर नुसतं थरथरणं दिसतं. अशा वेळी पट कमी करा किंवा डबा उघडून जेवून घ्या.

मोजायचं असेल तर एक-एक मोजू नका. दहा पक्षी मोजा, ती दहाची जागा डोळ्यात बसवा, मग दहा-दहाने थव्यावरून पुढे सरका; थवा मोठा असेल तर शंभराने. डावीकडून उजवीकडे एकदा, मग उलट एकदा. मिश्र थव्यात आधी एकूण आकडा काढा, नंतर स्कोपमधून दोन-तीन ठिकाणचे पन्नास-पन्नास पक्षी जातवार तपासून प्रमाण लावा. दाट थवे माणूस कमीच मोजतो, ही सर्वांची सवय आहे. हा आकडा कागदावरच राहत नाही. १९६७ साली सुरू झालेली आणि आता अनेक देशांत दर जानेवारीत होणारी पाणपक्षी गणना चालते ती अशाच हौशी लोकांच्या जोरावर. पाणथळ जागा जपण्यासाठीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या निकषांत एखादी जागा नियमितपणे २०,००० पाणपक्ष्यांना किंवा एखाद्या जातीच्या समूहातल्या १ टक्का पक्ष्यांना आधार देत असेल तर ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरते. नोंदीत पाण्याची पातळी लिहायला विसरू नका. ‘यंदा टील आले नाहीत’ यामागे बरेचदा पाणी वीतभर वाढलेलं असतं, आणि टील शेजारच्या उथळ डबक्यावर मजेत असतात.

एका पाणथळ जागेवरून दुसरीकडे जाताना बूट धुऊन, वाळवून न्या. डार्विनने छोट्या तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल झाकून सहा महिने ठेवला आणि त्यातून ५३७ रोपं उगवली. बदकांच्या पायांना लागून बी किती लांब जात असेल, हे त्याला दाखवायचं होतं. तुमच्या बुटांनाही तोच चिखल लागतो, आणि त्यात बियांबरोबर रोगजंतूही असतात. मान टाकून पडलेली, पंख न हलवता येणारी बदकं एकापेक्षा जास्त दिसली तर बॉट्युलिझमची, म्हणजे जिवाणूंच्या विषाने अंग लुळं पडण्याची शंका घ्या. कुजत्या, प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात ते विष तयार होतं. २०१९ साली राजस्थानातल्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी त्यानेच मेले. बर्ड फ्लूचा विषाणू तर काही बदकं आजारी न दिसताही बाळगतात. म्हणून मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही; जागा, जात, संख्या लिहून फोटो काढायचा आणि वन विभाग किंवा पशुवैद्यकीय खात्याला त्याच दिवशी कळवायचं. एखाद्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेलं कडं दिसलं तर स्कोपमधून अक्षरं-आकडे वाचायचा प्रयत्न करा, कडं कोणत्या पायात आणि कोणत्या रंगाचं तेही लिहा, आणि अर्धाच आकडा वाचता आला तर अर्धाच कळवा.